साडूभाऊंची पंच्याऐंशीची लेन्स

लेन्स निवडणं हे बायको निवडण्यापेक्षा अवघड काम आहे, असं बायकोसमोर म्हणणारा अख्ख्या खानदेशात एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. लग्नात लोक नवरीचे दागिने बघतात, आमचे साडूभाऊ फोटोग्राफरची लेन्स बघतात. धुळ्याच्या एका मांडवात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी त्या बिचाऱ्याला गाठलं, "पंच्याऐंशी एमएमची का? जुनी घेतली का नवी?" मेहरूण तलावाच्या काठी तर त्यांनी मला सकाळभर उन्हात उभं केलं, उसनी आणलेली एकेक लेन्स माझ्या तोंडावर तपासली आणि शेवटी म्हणाले, "भाऊ, लेन्समध्ये काही दोष नाही."

नवी पंच्याऐंशीची त्यांच्या पगारात बसत नव्हती. पन्नासची स्वस्तात मिळत होती, पण तिच्यासाठी माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि सगळं तिथंच अडलं होतं. कारण साडूभाऊंना फोटो हवा होता तो भडगावजवळच्या खेड्यात राहणाऱ्या त्यांच्या मायचा. ऐंशी उलटली तरी तिचा धड असा एकही फोटो नव्हता. कॅमेरा जवळ आला की ती पदर नाकापर्यंत ओढायची. "त्यामझार कोन कोन देखी!" म्हणायची, म्हणजे त्यात कोण कोण बघेल. तिला पंच्याऐंशीनं लांबूनच टिपायला हवं होतं, आणि हे लेकरू दोन वर्षं लेन्सच निवडत बसलं होतं.

अखेर बंद पडलेल्या एका स्टुडिओतून हातानं रिंग फिरवून फोकस करायची जुनी पंच्याऐंशीची मिळाली. आत बुरशीचा ठिपका होता. साडूभाऊ तरीही नाचले, आणि रविवारी मला घेऊन खेड्यावर गेले.

मायला निंबाखाली बसवलं. साडूभाऊ मागे सरकत सरकत पार केळीच्या बांधापर्यंत गेले. मायला एवढ्या लांबचा कॅमेरा कुठला दिसायला? तिला दिसला भर उन्हात बोडक्या डोक्यानं उभा असलेला लेक. "उनमा काब्र उभा शे रे?" उन्हात का उभा, असं विचारत ती उठली, आणि आपल्या डोक्यावरचा पदर त्याच्या डोक्यावर धरायला निघालीच.

"माय, तठेच थांब!" साडूभाऊ ओरडताहेत, रिंग फिरवताहेत, आणि माय काही थांबत नाही. मी हसून हसून खाली बसलो.

तेवढा एकच फोटो निघाला. चेहरा उघडा, हसरा आणि पार पुसट. पुन्हा काढू म्हणता म्हणता माय गेली.

आता तो फोटो त्यांच्या बैठकीत आहे. पाहुणे विचारतात, "हलला का हो?" एरवी लेन्सवर तासभर बोलणारे साडूभाऊ एवढंच म्हणतात, "माझ्याकडे यायला निघाली होती ना ती." मग मलाही तिकडे बघवत नाही.