दीड शेअरचा मालक

आमच्याकडं धोंड्याचा महिना आला की जावयांचा भाव वधारतो. तीन वर्षांतून एकदा सासुरवाडीचं बोलावणं येतं, पानात पुरणाचे धोंडे पडतात, आणि एरवी ज्याला घरात कुणी विचारत नाही असा माझ्यासारखा मास्तर पाटावर बसून मतं मांडायला लागतो.

मागच्या धोंड्यात गेवराईला सासऱ्यांच्या घरी मी असाच फुललो होतो. परदेशातल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानदार कंपनीचा अर्धा शेअर मी मोबाइलवरून नुकताच घेतला होता. अख्खा झेपत नव्हता. पण 'आमची कंपनी' म्हणायला अर्धा पुरतो.

शेजारच्या पाटावर धारूरकडचे माझे धाकटे साडू होते. घरच्या घोंगड्या ते याच कंपनीच्या ॲपवर विकायचे.

"साडूभाऊ, तुमची कंपनी लई बेकार हाय," ते म्हणाले. "मी ॲप सोडून फोनवरच्या गिऱ्हाइकाला जरा कमी भाव लावला, तर कंपनीनं ॲपवर माझी घोंगडी पार मागं ढकलली. आता कुनाला दिसतच न्हाई. दुसरीकडं स्वस्त इकायचं न्हाई, असा दम हाय तिचा. बाहेर मातर ह्यातलं काईच बोलत न्हाई."

"घोंगडीला वास येत असंल तुमच्या," मी म्हणालो.

सगळी पंगत हसली. साडूही हसले, जरा उशिरा. माझे वडील जन्मभर मेंढरांमागं हिंडले. मी त्याच वासात वाढलो, त्याच घोंगडीत झोपलो. तरी बोललो.

खरी लाज पुढंच आहे. परतीच्या बसमध्ये मला साडूंचं बोलणं तंतोतंत पटलं. विकणाऱ्यांना इतकं मुठीत धरणारी कंपनी बुडंल कशाला? त्याच आठवड्यात भिशी लागली, तिच्यातून मी आणखी एक अख्खा शेअर घेतला. बायको म्हणाली, "दीड शेअर! शोभतं तुम्हाला." तो घेतला कशामुळं, ते तिला सांगितलं नाही.

यंदा बातमी फुटली. विकणाऱ्यांवरची ही दडपशाही कंपनीनं भागधारकांपासून लपवली, ती उघडी पडली आणि शेअर आपटला, म्हणून तिकडच्या भागधारकांनी कोर्टात खटला भरला. मलाही ईमेल आली. मुलीनं वाचून सांगितलं, "पप्पा, तुम्हाला अंधारात ठेवून फसवलं असं म्हणतायत. फॉर्म भरला तर भरपाई मिळू शकते." मग थांबून म्हणाली, "पण हे तर काकांनी जेवताना सांगितलं होतं ना?"

मी फॉर्म भरला नाही. भरला नाही म्हणून थोर वाटून घेतलं, तेही दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला, धोंड्याला या.

पुन्हा तीच पंगत, तेच दोन पाट. सासऱ्यांनी विचारलं, "काय पाव्हणं, कंपनी काय म्हनतीया?"

टाळता आलं असतं. पण साडू मान खाली घालून भात कालवत होते. मी सांगून टाकलं. खटला सांगितला, आणि हेही सांगितलं की मला कुणी अंधारात ठेवलं नव्हतं. साडूंचं ऐकलं, पटलं, आणि पटलं म्हणूनच शेअर वाढवला.

सासूबाईंचा तुपाचा चमचा वरच राहिला.

"म्हंजे तवाच माझं खरं वाटलं व्हतं तुमाला?" साडूंनी विचारलं.

"हो."

"मग तवाच म्हनायचं की, साडूभाऊ." आवाज चढला नव्हता. "तुमी शिकलेले. मला वाटलं, खोट आपल्याच मालात हाय. घरी जाऊन मायला म्हनलं, तुझं सूत खराब झालं, बस कर आता. तिचा चरखा मीच माळ्यावर टाकला. तवापासून ती नुसती बसून ऱ्हाती."

काहीतरी करायचं म्हणून सासूबाईंनी माझ्या पानात आणखी एक धोंडा वाढला. जावयानं पानात टाकू नये म्हणतात. मी तो खाल्ला. सगळा.