मोठीचा झोक

मित्रांनो, सकाळची गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

माझी धाकटी मुलगी ज्योती उद्या आइस हॉकीच्या शिबिराला लडाखला निघतेय. नव्या स्केटवर तिचा तोल मागे जायचा. पातं पुढून थोडं घासलं की अंग पुढे झुकतं. तापीकाठच्या प्रकाशा गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथे महादेवाचं नाव घेऊन मीच घासलं. माप घेतलं नाही. हाताला ठाऊक होतं.

ज्योती स्केट घालून गोणपाटावर उभी राहिली. गुडघे वाकलेले, डावा खांदा पुढे. मी मशीन बंद करून विचारलं,

"कसं वाटी ऱ्हायनं?"

"आबा, आशी ते ताई उभी ऱ्हाये."

माझी मोठी मुलगी वारली, त्याला दोन वर्षं झाली. तीही खेळायची, तिचं पातं मीच घासायचो. आज हाताने ज्योतीच्या पात्याला तिचाच झोक दिला होता.

"यासवर मी पडी जासू, आबा," ज्योती पायातल्या स्केटकडे बघत हळूच म्हणाली.

दुपारभर मशीन सुरू केलं, बंद केलं. शेवटी टाचेकडून घासून झोक कमी केला. ज्योती तिच्यासारखी उभी राहिली, हसली.

मशीनखाली लोखंडाचा कीस पडलाय, मोठीचा झोक घासून काढलेला. रोज संध्याकाळी दुकान झाडून दिवा लावतो. आज दिवा लावला, झाडलं नाही.

तुम्ही झाडलं असतं का?