वाळवीचं मडकं
ओल्या शेणाचा वास आला की मला हट्टा गावातलं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. निजामाचं राज्य होतं तेव्हा. आम्ही दोघांनी हौसेनं लावलेली लिंबोणीची रोपं वाळवी मुळाशी खात चालली होती. वाळवी पकडायला यजमानांनी मडक्यात ओलं शेण नि मक्याची रिकामी कणसं भरून, त्याचं तोंड बंद करून ते रोपांजवळ पुरलं, पण वाळवी फिरकली नाही. मी ते उकरलं आणि खिळ्यानं बुडाला भोकं पाडू लागले. "मडकं काहून फोडून राहिलीस?" ते ओरडले. "वाळवीला आत यायला वाट नको व्हय?" मी म्हटलं. ते हसले नि मला भोकं पाडता यावीत म्हणून मडकं धरून बसले. पुन्हा पुरलेलं मडकं काही दिवसांनी काढलं, तर आत पांढरी वाळवी नुसती वळवळत होती. शेजारच्या चाचींच्या कोंबड्यांनी तिचा फडशा पाडला. उरलेली रोपं जगली. पुढं शेतात काही करायचं झालं की यजमान आधी मला विचारायचे, अगदी शेवटपर्यंत. आजही त्याचं सुख वाटतं.