खाजा पखाल्याचा सडा

नाशकात नळ आले आणि खाजा पखाल्याचा धंदा बसला. रेड्यावर पखाल लादून घरोघर पाणी घालणारा माणूस, त्याला आता विचारतो कोण? पण रोज संध्याकाळी कथडा वस्तीमागच्या मैदानावर तो न चुकता सडा घालायचा. फुकट, बरं का! त्याची बायको सुरय्या कपाळावर हात मारून म्हणायची, “अजी, घरात चूल थंड आणि तुम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजा!”

तीही मनापासून बोलत नसे. त्यांचा एकुलता एक हारुन त्याच मैदानातल्या आखाड्यात लाल माती अंगाला लावून वाढला होता आणि प्लेगात गेला. पोराचा घाम मुरलेली माती, ती खाजा कोरडी कशी पडू देईल?

अशात कुणा धनवान मंडळींनी बंगले बांधायला ते मैदान मागितलं. आखाड्याचे वस्ताद गोटीराम यांनी सारी वस्ती उठवली, अर्जावर अंगठे घेतले, कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी साहेब म्हणाला, “गुरुवारी येऊन बघतो. मैदान वापरात असेल तर राहील.”

वस्ताद म्हणाले, “पोरं खेळत ठेवू.”

खाजा भडकलाच. “साहेबापुढं लंगोटातली पोरं? वस्ताद, पाव्हणा यायचा तर अंगण सारवतात की उकरतात?”

झालं! सगळ्यांना पटलं. पटणारच हो, पाव्हण्यापुढं केर दिसला तर आपलं नाक कापलं जातं ना! बायका खराटे घेऊन आल्या. हुतूतूच्या रेघा पुसल्या, विटीदांडूच्या गली बुजवल्या. आखाड्याच्या लाल मातीवर मुरूम टाकून खाजानं स्वतः धुमस मारून जमीन चोपली आणि वर असा सडा घातला, की मैदान आरशागत दिसू लागलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत. पण तेव्हा हे सुचावं कुणाला?

गुरुवारी सारी वस्ती धुतलेले कपडे घालून रस्त्याच्या कडेला हार घेऊन उभी. मैदानात चिटपाखरू नाही. पोरांना दम दिला होता, पाऊल टाकाल तर तंगडं मोडीन!

साहेबानं एक फेरी मारली. “आखाडा कुठं आहे?”

खाजा छाती फुगवून पुढं झाला. “बुजवला, हुजूर. तुमच्यासाठी.”

साहेब कारकुनाकडं वळून म्हणाला, “इथं कुणी खेळल्याची खूणसुद्धा नाही. जागा आयती सपाट आहे.”

हार वस्तादांच्या हातातच राहिला. ते खाजाला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं खाजाला वाटलं. त्या रात्री सुरय्यानं वाढलेली भाकर तशीच राहिली.

पुढं खुंट्या ठोकल्या, पाये खणले, भिंती उठू लागल्या. तिथवर नळ पोचला नव्हता, म्हणून ठेकेदारानं ओल्या बांधकामावर पाणी मारायला पखाल्याला बोलावलं. खाजा गेला. न जाऊन काय करतो बिचारा? पोट कुणाला चुकलंय!

आखाड्याची लाल माती मजुरांनी उकरून बाजूला टाकली होती. खाजाचा रेडा सवयीनं तिथंच थांबला, आणि खाजानंही सवयीनं पखालीचं तोंड त्या ढिगावर सोडलं.

मुकादम खेकसला, “ए म्हाताऱ्या, माती कसली भिजवतोस? भिंतीवर घाल!”

खाजानं पखालीचं तोंड आवळलं आणि उरलेलं पाणी भिंतीवर घातलं.