तळ्यातले प्लॉट

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ हाताळले. पण लातूर जिल्हा नवा झाला त्या काळातलं प्लॉटचं एक प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा शहरातल्या ठाण्यात फौजदार होतो. नव्या कचेऱ्यांमुळे बाहेरगावचे नोकरदार येत होते आणि घरं मिळत नव्हती. पाऊस सलग कमी. दुष्काळात बाकी धंदे बसले होते, जमिनीच्या दलालांचा तेवढा जोरात होता. त्यांनी संघटनाही काढली होती.

एका सकाळी हजेरी चालू असताना सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या. रुमालात बांधून आणलेले शिंपले त्यांनी माझ्या टेबलावर ओतले.

"साहेब, आमच्या प्लॉटवर पाया खणताना हे निघाले. खाली ओला, काळा गाळ आहे. गावात प्यायला पाणी नाही आणि आमच्या पायाच्या खड्ड्यात ओल! आधी मला आनंदच झाला. मग हे दिसले."

त्यांचे यजमान किनवटकडे आश्रमशाळेत शिक्षक होते. लग्नापासून दोघं दोन गावांत. घर झालं की यजमानांनी बदली मागायची, असं ठरलं होतं.

तो प्लॉट विकणाऱ्या दलालाला मी बोलावलं. त्यानं खरेदीखत, सातबारा पुढे ठेवला. तपासले, खरे होते. चौकशीत तो एकच धरून बसला, "कागदात खोट दाखवा, साहेब."

दुपारी संघटनेचे पाच-सहा जण आले. अध्यक्ष म्हणाले, "आमचा सभासद आहे, संघटनेची हमी आहे. बाईंचा गैरसमज झालाय. आम्ही आपसात मिटवतो."

असे लोक दमदाटी करून खरं सांगत नाहीत, आणि एकमेकांसमोर तर नाहीच. मी एकेकाला आत घेऊन जबाब घेतला. सगळ्यांनी दलालाची तारीफ केली. शेवटी निलंग्याकडचे एक वयस्कर सभासद आले. त्यांना सगळे मामा म्हणत.

मी विचारलं, "मामा, तुमच्या जावयाला तिथं प्लॉट घेऊन द्याल?"

"जावयाला?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "न्हाई, साहेब."

"का?"

"तळं हाय ते. पाऊस न्हाई म्हणून कोरडं पडलंय. कागद हायत मागच्या माळाचे अन् गिऱ्हाइकाला तळ्यातली जागा दाखवायलेत."

"संघटनेला माहीत आहे?"

"समद्यांना ठाव हाय. बोलायचं न्हाई असं ठरलंय."

"मग तुम्ही का बोललात?"

"तुम्ही इचारलं म्हणून. आजवर कुणी इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मोजणीदाराला घेऊन जागेवर पंचनामा केला. खरेदीखतातली जमीन पलीकडच्या खडकाळ माळावर निघाली. तिथं जायला वाटसुद्धा नव्हती. दलालानं पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "सगळेच करायलेत, साहेब. माझंच नाव का?" तो कबुलीच देऊन बसला, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. मग बाकीचे खरेदीदारही एकेक करून ठाण्यात आले. पुढे त्याला शिक्षा झाली. संघटनेनं त्याला निकालापर्यंत सभासद ठेवलं. मामांना मात्र खरा जबाब दिला म्हणून लगेच काढून टाकलं.

नंतर चांगला पाऊस झाला आणि तळं भरलं. सिस्टरांचा पाया पाण्याखाली गेला. यजमानांची बदली मात्र झाली होती. दवाखान्यात एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाड्याच्या दोन खोल्या आहेत, साहेब. पण एका गावात आलो."

दलालांवर विश्वास ठेवावा का, असं लोक मला विचारतात. संघटना सभासदांना सांभाळायला असते, गिऱ्हाइकाला नाही. तिच्या हमीवर मी कधी विसंबलो नाही. माणूस एकेकटाच पारखावा लागतो आणि त्यासाठी नेमका प्रश्न विचारावा लागतो.

निवृत्तीच्या सुमारास मलाही घर हवं होतं. मी मामांकडे गेलो. एक जागा मला फार आवडली. ते म्हणाले, "घेऊ नका, साहेब. भावाभावांचा दावा हाय." दुसरीलाही त्यांनी नकोच म्हटलं. दोन्ही वेळा त्यांचीच दलाली बुडाली. तिसऱ्या जागेला ते हो म्हणाले. मी कागद न बघता सही केली. उभ्या आयुष्यात तेवढी एकदाच.