रिपोर्ट वाचणारा कारकून

सरकारी दवाखान्यातला तो कारकून लई कडक माणूस. बायको विहिरीवर मोटारीचा शॉक लागून गेली. तिचा पोस्टमार्टेमचा रिपोर्ट काढायला मी भोकरहून नांदेडला आलो, तर तीन खेपा अर्जातच गेल्या. दर खेपेला तो मान खाली घालून अर्जावर बोट फिरवायचा आणि अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचायचा.

"मयताशी नातं लिहिलं न्हाई, काका. पती लिहा."

"चाळीस वर्षं तोच हाय मी. आता कागदाला सांगायचं व्हय?"

तो हसला न्हाई.

चौथ्या खेपेला रिपोर्ट हातात दिला. सगळा इंग्रजीत. तिला शॉक लागला त्या दिवशी मी बाजाराला गेलो होतो. ती एकटी किती वेळ तडफडली, तेवढंच मला पाहिजे होतं. म्हणलं, "वाचून दाखवा."

ह्या खेपेला त्यानं मनातच वाचलं. दोनदा वाचलं.

"लगेच गेल्या, काका. त्रास झाला न्हाई."

"असं लिहिलंय त्यात?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "मी वाचून राहिलो ना."

सून इंग्रजी शिकलेली हाय. तिला रिपोर्ट मी अजून दाखवला न्हाई.