मनोऱ्याच्या जिन्यावर तेर्का

तेरेझिया कुबालोव्हाला सगळे तेर्काच म्हणत. ओरावा या स्लोवाक खोऱ्यातल्या गुरंढोरं पाळणाऱ्या घरातली मुलगी. तिचा बाप मार्तिन बैलाची वेसण धरायचा त्याच हाताने बायकोचे केस धरायचा. दाराशी त्याचे बूट कसे पडतात यावरून संध्याकाळ कशी जाणार ते तेर्काला लहानपणीच कळू लागलं होतं. बूट भिंतीवर आपटले की ती मुकाट गोठ्यात जाऊन बसे. बाराव्या वर्षी तिने अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढून काढलं. त्या दिवशी बापाने चार शेजाऱ्यांसमोर तिची पाठ थोपटली, आणि घरात शिरल्यावर तासाभरात आईचा दात पाडला. कारण काय, तर सूप खारट.

पुढे ती कोशित्से शहरात जनावरांची डॉक्टरकी शिकायला गेली. गाव सुटलं, आता सगळं सुटलं असं तिला वाटलं. दुसऱ्या वर्षी दालिबोर भेटला. कायद्याचा विद्यार्थी, उंच, बोलण्यात गोड, तिच्या मैत्रिणींच्या आया त्याच्यावर खूश. तो कधी आवाज चढवत नसे. बाप ओरडायचा, हा ओरडत नाही, म्हणजे हा बापासारखा नाही, अशी तिने मनाची समजूत घालून घेतली होती. तो टेबलाखालून तिच्या मांडीचं मांस दोन बोटांत धरून पिळायचा आणि वर पाहुण्यांशी हसून बोलत राहायचा. हिवाळाभर तिने गळ्याभोवती रुमाल बांधला. कोणी विचारलं तर म्हणायची, घसा धरलाय.

मार्चमध्ये त्यानेच सीमेपलीकडच्या क्राकूव शहराची सहल ठरवली. शुक्रवारी दुपारच्या बसने जायचं, रविवारी परत. तेर्का खरंच खुशीत होती. शनिवारी सकाळी मोठ्या चौकात तिने गाडीवरून खसखस लावलेली पावाची कडी घेतली. विकणाऱ्या बाईला तिचं स्लोवाक अर्धंमुर्धं कळत होतं, हिला तिचं पोलिश, आणि एका शब्दावरून दोघींची अशी गफलत झाली की दोघी पोट धरून हसल्या. तेर्का वळली तेव्हा दालिबोरही हसत होता. त्याने तिचा हात हातात घेतला आणि करंगळी मागे वाकवत नेली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“माझ्यावर हसत होतीस?” त्याने हळूच विचारलं.

किल्ल्याखाली नदीकाठी आग ओकणाऱ्या ड्रॅगनचा धातूचा पुतळा आहे, तिथे लोकांची फोटोसाठी झुंबड होती. दालिबोरने तिचा फोन मागितला. फोटो काढायला मागतोय असं तिला वाटलं. वर्गातल्या ओन्द्रेयने तिला शरीररचनेच्या वह्यांबद्दल निरोप पाठवला होता. दालिबोरने तो दोनदा वाचला आणि फोन विस्तुला नदीत फेकून दिला. मग तिला जेवायला घेऊन गेला. बटाट्याच्या सारणाच्या पिरोग्या मागवल्या, तिच्या ताटलीत स्वतःच्या हाताने आंबट साय वाढली. ती जेवली. आपण जेवलो याची लाज तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिली, मारापेक्षा जास्त.

दुपारी दोनची, चौकातल्या चर्चच्या मनोऱ्याची तिकिटं होती. त्या मनोऱ्यावरून दर तासाला अग्निशमन दलाचा माणूस चारी दिशांना तुतारी वाजवतो. दोनची तुतारी होऊन गेली होती. जिना अरुंद, पुढची माणसं वर निघून गेलेली, मागे कोणी नाही. एका वळणावर दालिबोर थांबला.

“ओन्द्रेयला आणखी काय काय दिलंस? नुसत्या वह्याच का?”

“परत गेल्यावर मी तुझ्या खोलीवरचं माझं सामान घेऊन जाणार आहे,” तेर्का म्हणाली. हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं.

त्याने तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मग दोन्ही हातांनी गळा आवळला. एवढं होऊनही त्याचा चेहरा शांत होता. तिच्या डोळ्यांपुढे अंधारलं, कानांत शिट्टी वाजू लागली. ओरडायला आवाज नव्हता, पण हात मोकळे होते, आणि ते हात पाचशे किलोच्या जनावरांशी झटलेले होते. तिने त्याचं एक बोट मुठीत धरून उलटं वाकवलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो कळवळून वाकला तसा तिने गुडघा त्याच्या तोंडावर हाणला. तो पाच-सहा पायऱ्या गडगडत खालच्या सपाट जागेवर जाऊन पडला.

तिथेच सगळं थांबू शकलं असतं. तो पाठीवर पडला होता, एक हात वर करून “पुरे, पुरे” म्हणत होता. वर जाणारा जिनाही मोकळा होता. पण तेर्का खाली उतरली. त्याच्या छातीवर गुडघे रोवून बसली आणि मारू लागली. पहिल्या काही ठोशांतच त्याचा जबडा गेला, तरी ती थांबली नाही. तिच्या बोटांची सालटी त्याच्या दातांवर निघाली, फरशीवर रक्ताचा चिखल झाला. आपल्याला बरं वाटतंय, हे तिला त्या वेळीही कळत होतं.

आवाज ऐकून वरून तुतारीवाला लेशेक धावत आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने मागून काखेत हात घालून तिला उचललं. तिने डोकं मागे झटकून त्याचाही ओठ फोडला. त्याने पकड सोडली नाही.

“पोरी, तो हलत नाहीये,” तो म्हणाला. “पुरे आता. मरेल तो.”

दालिबोर मेला नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन दात गेले, एका डोळ्याची नजर अधू झाली. पोलिसांनी तेर्काला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. लेशेकने जबाबात काही लपवलं नाही. खाली पडलेल्या माणसाला ही मारत होती, हे त्याने सांगितलं. तिच्या गळ्यावर दहा बोटांचे वळ होते आणि मागचे केस रक्ताने चिकटले होते, हेही सांगितलं. तिने खालमानेने दोन्ही ऐकून घेतलं.

रविवारी आई आली. गावाबाहेर कधी एकटी न गेलेली बाई तीन गाड्या बदलून आली होती. चौकीच्या बाकावर बसून तिने लेकीचे सुजलेले हात मांडीवर घेतले, उलटसुलट करून पाहिले.

“दुखतंय?”

“हो.”

“त्याने गळा सोडल्यावरही मारलंस?”

“हो. आई, मला थांबायचंच नव्हतं.”

आईने तिच्या बोटांवर हळूच फुंकर घातली. मग म्हणाली, “मला पण कितीदा वाटलं तसं. पण माझा हातच उठला नाही गं.”

प्रकरण दीड वर्ष चाललं. पोलिसांनी काढलेल्या तिच्या गळ्याच्या फोटोंमुळे तुरुंग टळला, पण शिक्षा झालीच. ती स्थगित राहिली आणि शिक्षणाचं एक वर्ष बुडालं. दालिबोर वकील झाला. तेर्का आता लिप्तोवकडे गाईंची डॉक्टर आहे. दांडगी जनावरं ती एकटी आवरते. मागून कोणी खांद्याला हात लावला मात्र तिची मूठ आपोआप वळते, म्हणून सोबतची माणसं तिला आधी लांबूनच हाक मारतात.

त्या रविवारी तिने आईला विनवलं होतं, आता तिकडे जाऊ नकोस, कोशित्सेला माझ्या खोलीवर राहा. आईने तिच्या हातांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत मार्तिनकडे गेली. गाईंची धार काढायची होती, म्हणाली.